६३.५४६ : तांब्याचा अणू आणि त्याची दोन समस्थानिके हाताने कशी मांडावीत

तांब्याचा अणुभार ६३.५४६ आहे. पूर्णांक न येता असा आकडा का येतो, असे विचारले की बहुतेक विद्यार्थी "समस्थानिकांमुळे" म्हणून थांबतात. समस्थानिके म्हणजे एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेले अणू. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. तांब्याच्या दोन समस्थानिकांचे ६३ आणि ६५ हे अंक घेऊन त्यांची योग्य प्रमाणात सरासरी काढून पाहा. ६३.५४६ येत नाही, ६३.६१७ येते. मधला ०.०७१ कुठे गेला? तो सापडेपर्यंत तांब्याचा अणू समजला असे म्हणू नये. खालची सगळी कृती त्या ०.०७१ पर्यंत पोचण्यासाठी आहे. आठवी ते बारावीचे विद्यार्थी आणि विज्ञान प्रदर्शनाची तयारी करून घेणारे शिक्षक यांना ती दोन रविवारांत पुरी होते.

तांबेच निवडायचे कारण सोपे आहे. नाशिकमध्ये ते शोधत फिरावे लागत नाही. भांडी बाजारात तांब्या-पितळेची भांडी रांगेने मांडलेली असतात, द्राक्षबागेच्या घरी बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) असते आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगची तार मिळते. शिवाय तांब्याची टिकाऊ समस्थानिके दोनच आहेत आणि दोन्ही भरपूर आहेत. सोने, सोडियम, ॲल्युमिनिअम यांचे टिकाऊ समस्थानिक एकेकच, म्हणजे तुलनेला काही उरत नाही. कथलाची तब्बल दहा आहेत, त्यात नवशिक्याचा गोंधळ होतो. क्लोरीनची ३५ आणि ३७ ही जोडी हिशेबाला उत्तम, पण क्लोरीन हा विषारी वायू आहे, तो घरी आणायचा नाही.

केंद्रक

तांब्याचा अणुअंक २९. म्हणजे केंद्रकात २९ प्रोटॉन. यात एकानेही फरक पडला तर ते तांबे राहत नाही. २८ झाले तर निकेल, ३० झाले तर जस्त. न्यूट्रॉन मात्र दोन तऱ्हेने असतात. तांबे-६३ मध्ये ६३ वजा २९, म्हणजे ३४. तांबे-६५ मध्ये ३६. निसर्गातल्या तांब्यात पहिले ६९.१५ टक्के आणि दुसरे ३०.८५ टक्के असते.

मेन रोडवरून ८ मिलिमीटरचे प्लास्टिकचे मणी आणा. लाल ६०, पांढरे ७५. दोन केंद्रके करायची आहेत, त्यामुळे ५८ लाल आणि ७० पांढरे लागतात, बाकीचे हरवण्यासाठी. नायलॉनचा बारीक दोरा सव्वा मीटरचा एक, असे दोन तुकडे घ्या. ६३ मणी ओवले की अर्धा मीटर माळ होते, उरलेला दोरा गुंडाळायला लागतो.

ओवताना एक लाल, एक पांढरा असे घ्या आणि जास्तीचे पाच पांढरे मणी माळेत अधूनमधून पेरा. प्रदर्शनातल्या बऱ्याच प्रतिकृतींत सगळे प्रोटॉन मधोमध आणि न्यूट्रॉन बाहेरून चिकटवलेले दिसतात. ते चुकीचे आहे. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात. न्यूट्रॉन त्यांच्यात मिसळलेले असतात आणि आपले ढकलणे न वाढवता जवळून खेचण्याचे बळ तेवढे वाढवतात. म्हणून केंद्रक जड होत जाते तसे न्यूट्रॉनचे प्रमाणही वाढते. तांबे-६३ मध्ये दर प्रोटॉनमागे १.१७ न्यूट्रॉन आहेत, शिसे-२०८ मध्ये १.५४.

माळ तयार झाली की लोकरीच्या गुंड्यासारखी गोल वळा आणि उरलेल्या दोऱ्याने आवळा. गोळा साधारण ४ सेंटिमीटरचा होतो. फेव्हिकॉलने चिकटवू नका. चिकटवलेल्या गोळ्यातले मणी मोजता येत नाहीत आणि परीक्षकाने "किती?" विचारले की तोंडी सांगण्यावर वेळ निभवावी लागते. माळ सोडून दाखवता येते.

दुसरी माळ २९ लाल आणि ३६ पांढऱ्यांची. दोन्ही गोळे तळहातावर ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. तो कळू नये हेच बरोबर आहे, म्हणून दुसऱ्याला मुद्दाम वेगळा रंग देऊ नका.

कवचे, आणि आकाराची गोष्ट

इलेक्ट्रॉन २९, कवचांत वाटणी २, ८, १८, १. साठ सेंटिमीटर चौरस पुठ्ठ्यावर १८ गेजच्या बाइंडिंग तारेची चार कडी बसवा, व्यास १२, २२, ३४ आणि ४६ सेंटिमीटर. या मापात तिसऱ्या कड्यावरचे १८ मणी जवळजवळ ६-६ सेंटिमीटरवर बसतात आणि गर्दी वाटत नाही. इलेक्ट्रॉनसाठी ४ मिलिमीटरचे मणी पुरे. मधोमध छोटी वाटी किंवा बाटलीचे झाकण चिकटवा, त्यात केंद्रकाचा गोळा ठेवायचा. कडी पक्की आणि केंद्रक सुटे, हे या प्रतिकृतीचे मर्म आहे. तांबे-६३ उचलून तांबे-६५ ठेवले तरी बाहेरच्या एकाही मण्याला हात लावावा लागत नाही. रासायनिक गुणधर्म इलेक्ट्रॉन ठरवतात, म्हणून दोन्ही समस्थानिके रसायनात सारखीच वागतात. बागेत फवारलेल्या बोर्डोतही ६९ ला ३१ हेच प्रमाण असते.

सगळ्यात जास्त चूक शेवटच्या कड्यावर होते. उपकवचे भरण्याचा नेहमीचा क्रम लावला तर ४एस या चौथ्या कवचातल्या उपकवचात दोन आणि ३डी या तिसऱ्या कवचातल्या उपकवचात नऊ इलेक्ट्रॉन येतात, आणि विद्यार्थी २, ८, १७, २ लिहितात. तांब्यात प्रत्यक्षात ३डी पूर्ण भरलेले, १० चे, आणि ४एस मध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो, कारण तांब्यासाठी ही मांडणी कमी ऊर्जेची आहे. तांब्यातून वीज इतकी सहज वाहते त्यात या बाहेरच्या सैल इलेक्ट्रॉनचा मोठा वाटा आहे. मोरचुदात तांबे दोन इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असते. एक ४एस चा जातो, दुसरा ३डी चा. ३डी मध्ये नऊ उरतात, एक जागा रिकामी होते, आणि भोवतालच्या पाण्याच्या रेणूंच्या सान्निध्यात ते आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले तांब्याचे अणू, तांबडा प्रकाश शोषतात. मोरचुदाचा निळा रंग तिथून येतो. मोरचूद तापवून त्यातले पाणी घालवले की पूड पांढरी पडते, पाण्याचे दोन थेंब टाकले की पुन्हा निळी होते. करायचे असेल तर परीक्षानळीत, चिमूटभर, शाळेच्या प्रयोगशाळेत करा. मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाच्या भांड्याला लावू नये.

आता आकार. ही प्रतिकृती मापाने खोटी आहे आणि ते पुठ्ठ्यावर लिहूनच ठेवले पाहिजे. तांबे-६३ च्या केंद्रकाची त्रिज्या सुमारे ४.८ फेम्टोमीटर आहे. धातूतल्या तांब्याच्या अणूची त्रिज्या १२८ पिकोमीटर, म्हणजे १,२८,००० फेम्टोमीटर. गुणोत्तर साधारण २७ हजार. १८ मिलिमीटरचा एक द्राक्षमणी रामकुंडाच्या मधोमध ठेवून त्याला केंद्रक म्हटले, तर अणूची कड चहूबाजूंनी सुमारे २४० मीटरवर येईल. तेवढ्या सगळ्या जागेत २९ इलेक्ट्रॉन, आणि तेही कड्यावर फिरणारे मणी नव्हेत. ठरावीक जागी सापडण्याची कमी-अधिक शक्यता, एवढेच त्यांच्याबद्दल सांगता येते. कड्यांचा उपयोग फक्त मोजणीपुरता.

वजनाचे प्रमाण मात्र घरातल्या जिनसांनी दाखवता येते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १८३६ पट जड. अर्ध्या ग्रॅमचा काबुली हरभरा प्रोटॉन धरला, तर इलेक्ट्रॉन ०.२७ मिलिग्रॅमचा हवा, आणि खसखशीचा एक दाणा साधारण तेवढाच भरतो. हरभरा आणि खसखस एका डबीत शेजारी-शेजारी ठेवा. मुले ती डबी उचलून बराच वेळ बघतात.

सरासरी, आणि हरवलेले ०.०७१

आधी मिश्रण. एकाच मापाचे दोन रंगांचे मणी घ्या, १३८ एका रंगाचे, ६२ दुसऱ्या. हे ६९ ला ३१ झाले. कडधान्य घ्यायचा मोह टाळा. दाणे लहानमोठे असले की डबा हलवताना मोठे वर येतात आणि चमच्यात नेहमी तेच पडतात. डोळे झाकून दहा मणी काढा. सात-तीन येईलच असे नाही. पाच-पाच किंवा नऊ-एकही येते. परत टाकून शंभर वेळा एकेक मणी काढा, आता ६९ च्या बऱ्यापैकी जवळ पोचाल, तरी चार-पाचांचा फरक राहील. मोजणी जितकी मोठी, तितका हा डळमळीतपणा कमी, तोही वर्गमुळाच्या हिशेबाने. अर्धा मीटर तारेत ५ वर २३ शून्ये इतके अणू असतात. तेवढ्यात योगायोगाला वाव उरत नाही, म्हणून कोणत्याही दुकानातले तांबे घ्या, अणुभार ६३.५४६ च.

आता वहीत मांडा. ६३ गुणिले ०.६९१५ बरोबर ४३.५६४५. ६५ गुणिले ०.३०८५ बरोबर २०.०५२५. बेरीज ६३.६१७. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा ०.०७१ जास्त. अनेक विद्यार्थी इथे "साधारण बरोबर" म्हणून पान उलटतात. उलटू नये.

६३ हे तांबे-६३ चे वस्तुमान नाही. ते केंद्रकातल्या कणांची संख्या आहे. मोजलेले वस्तुमान आहे ६२.९२९६ एकक, आणि तांबे-६५ चे ६४.९२७८. हे घेऊन पुन्हा करा. ६२.९२९६ गुणिले ०.६९१५ बरोबर ४३.५१५८. ६४.९२७८ गुणिले ०.३०८५ बरोबर २०.०३०२. बेरीज ६३.५४६०. जुळले.

पण ६३ कणांचे वस्तुमान ६३ पेक्षा कमी कसे? सुटे भाग मोजून पाहिले की प्रश्न आणखी टोकदार होतो. एका प्रोटॉनचे त्याच्या इलेक्ट्रॉनसकट वस्तुमान १.००७८२५. २९ चे झाले २९.२२६९. एका न्यूट्रॉनचे १.००८६६५, ३४ चे ३४.२९४६. बेरीज ६३.५२१५. प्रत्यक्ष अणू ६२.९२९६. तूट ०.५९१९ एकक! कण एकत्र बांधले जाताना एवढे वस्तुमान ऊर्जेच्या रूपात निघून गेलेले आहे. एका एककाला ९३१.५ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट (केंद्रकाच्या ऊर्जेचे माप) या दराने ते ५५१ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट होते, दर कणामागे ८.७५. ही बंधनऊर्जा. केंद्रक फोडून पुन्हा सुटे कण करायचे तर तेवढी परत घालावी लागेल.

इथे दक्ष विद्यार्थी हमखास अडतो, आणि त्याने अडावेच. तूट ०.५९ आहे, तर हिशेबात फक्त ०.०७ का दिसली? कारण मोजायचे एककच कार्बन-१२ च्या वस्तुमानाचा बारावा भाग आहे, आणि कार्बनचे केंद्रकही बांधलेलेच आहे. त्यात दर कणामागे ७.६८ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट बंधनऊर्जा असते. म्हणजे एककातच कार्बनची तूट आधी धरलेली आहे. ०.०७ मध्ये दिसते ते मुख्यतः एवढेच, की तांब्याचे केंद्रक कार्बनपेक्षा जास्त घट्ट बांधलेले आहे. तांबे-६३ मध्ये ही घट ०.०७०४, तांबे-६५ मध्ये ०.०७२२. दोन्हींची प्रमाणानुसार सरासरी ०.०७१०. हरवलेला आकडा सापडला.

थोडक्यात, ६३.५४६ मधल्या दशांशात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. समस्थानिकांचे मिश्रण आकडा ६३ च्या वर नेते, बंधन तो थोडा खाली खेचते.

आकडे मांडताना दशांशानंतर चार स्थळे तरी ठेवा. दोनच ठेवली तर ०.०७१ ची जागा ०.०६ किंवा ०.०८ घेते आणि सगळा डाव फसतो.

मधले ६४ कुठे गेले?

प्रतिकृती पाहणाऱ्याने हा प्रश्न विचारला की समजावे, काम नीट झाले आहे. तांबे-६४ असते, पण टिकत नाही. २९ प्रोटॉन आणि ३५ न्यूट्रॉन, दोन्ही विषम. जोड्या पूर्ण झाल्या की केंद्रक अधिक स्थिर होते. दोन्हीकडे एकेक कण बिनजोडीचा राहिला की बहुधा विघटन ठरलेले. याला अपवाद म्हणून दाखवता येतात ती हलकी केंद्रके, हायड्रोजन-२, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४.

मण्यांनी हे दाखवा. तांबे-६५ च्या माळेतून एक पांढरा मणी काढा, ६४ झाले. आता एक पांढरा काढून त्या जागी लाल घाला. ३० लाल, ३४ पांढरे, म्हणजे जस्त-६४. पुन्हा तांबे-६४ ची माळ करा आणि उलट करा, एक लाल काढून पांढरा घाला. २८ आणि ३६, निकेल-६४. दोन्हीकडे सम-सम. तांबे-६४ खरोखरच या दोन्ही वाटांनी जाते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, १२.७ तास असल्याने दोन दिवसांत जेमतेम ७ टक्के उरते. ते निकेल-६४ वर प्रोटॉनचा मारा करून सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना वेग देणाऱ्या यंत्रात) बनवतात आणि कर्करोगाच्या पेट स्कॅनमध्ये वापरतात. या वेळी केंद्रक बदलताना कड्यांवरचे मणीही बदलायला विसरू नका. जस्ताला ३० इलेक्ट्रॉन लागतात, निकेलला २८.

तारेची घनता

शेवटचे काम हाताचे. ८ गेजची उघडी अर्थिंग तार, व्यास ४.०६ मिलिमीटर, अर्धा मीटर. वजन साधारण ५८ ग्रॅम भरते. भांडे वापरू नका: आतून कल्हई असते, कधी कड किंवा बूड पितळेचे असते, आणि वळणात हवा अडकते. घरच्या वायरिंगची बारीक तारांची केबलही नको, तारांमधली हवा निघत नाही. तारेला चुंबक लावून पाहा. चिकटली तर आत लोखंड आहे. कापलेले टोक पांढरट दिसले तर आत ॲल्युमिनिअम आहे.

चिंच-मिठाने किंवा लिंबू-मिठाने तार चकचकीत घासा, धुवा, पुसा, वाळवा. जाड पेनाभोवती सैल वेटोळे करा, फेऱ्या एकमेकींना चिकटू देऊ नका. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी आहे, कारण पुढे बाजूला सरलेल्या पाण्याचे वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास येते, त्या जागी तो सहा किंवा सात दाखवेल आणि घनता ९.७ किंवा ८.३ येईल. दुसऱ्या आकड्यावर शुद्ध तांब्याला पितळ ठरवून बसाल.

काट्यावर प्लास्टिकचा पेला ठेवा. त्यात उकळून गार केलेले पाणी घाला, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, काटा शून्य करा. वेटोळे बारीक नायलॉन दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू नये. टेकले की काटा तारेचेही वजन दाखवायला लागतो आणि आकडा भलताच वाढतो. शिवणाचा सुती दोरा पाणी पितो, म्हणून नको. दिसणारा आकडा म्हणजे बाजूला सरलेल्या पाण्याचे वजन, इथे साधारण ६.५ ग्रॅम. तारेचे वजन भागिले हा आकडा, गुणिले पाण्याची घनता (२० अंशांना ०.९९८, ३० अंशांना ०.९९६), ही तारेची घनता. पाच वेळा करा. आकडा दर वेळी कमी-जास्त होत असेल तर बहुतेक वेळा बुडबुडे कारणीभूत असतात. वेटोळे पाण्यातच दोन-तीनदा हलवा.

आता तोच आकडा अणूवरून काढा. तांब्याच्या स्फटिकात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर असतात. कोपऱ्यावरचा अणू आठ घनांत वाटलेला, पृष्ठावरचा दोघांत, म्हणून एका घनाच्या वाट्याला चार अणू. घनाची बाजू ३.६१५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), घनफळ ४७.२४ घन अँगस्ट्रॉम. चार अणूंचे वजन ४ गुणिले ६३.५४६ भागिले ॲव्होगॅड्रो अंक (६३.५४६ ग्रॅम तांब्यातल्या अणूंची संख्या, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात). भागाकार ८.९३ ते ८.९४ ग्रॅम दर घन सेंटिमीटर येतो. काट्याने ८.९ ते ९.० मध्ये उत्तर दिले तर काम चोख झाले. ८.४ ते ८.७ आले तर हातात पितळ आहे किंवा बुडबुडे राहिले आहेत.

या काट्याने समस्थानिके दिसत नाहीत, हेही नोंदवहीत लिहा. ६३.५४६ ऐवजी ६३.६१७ घातले तरी घनता एक हजारांश भागाने बदलते, आणि आपली चूक त्याच्या तिप्पट असते. समस्थानिके वेगळी दिसतात ती वस्तुमान वर्णपटमापकावर, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रावर. तिथे तांब्याच्या नमुन्यात ६३ आणि ६५ वर दोन उंचवटे येतात, दुसरा पहिल्याच्या ४४.६ टक्के उंच. एखाद्या आलेखात ६३ चा उंचवटा यापेक्षा बराच जास्त दिसला, तर घाईने नवा शोध समजू नका. अशा यंत्रात अनेकदा आर्गॉन वायू वापरतात. नमुन्यात मीठ असेल तर आर्गॉन-४० आणि सोडियम-२३ जोडीने जातात, आणि त्यांची बेरीजही ६३ च होते.